एकादशीच्या ताटांतील दूरदेशींचे पाहुणे

आषाढ शुद्ध एकादशीचा दिवस. पंढरीस वारकऱ्यांचा मेळा जमलेला असतो आणि ज्यांना वारी घडली नाहीं त्यांच्या घरींहि पहाटेपासून उपवासाची तयारी चाललेली असते. साबुदाणा आदल्या रात्रींच भिजत घातलेला असतो. शेंगदाणे भाजून त्यांचें कूट झालेलें असतें. चुलीवर बटाटे आणि रताळीं उकडत असतात. हिरव्या मिरच्या चिरून ठेवलेल्या असतात. आणि मुलांसाठीं राजगिऱ्याचे लाडू डब्यांत भरलेले असतात. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्या समाजानें आपल्याच थट्टेसाठीं रचली, त्या समाजाची या पदार्थांवर किती प्रीति आहे हें वेगळें सांगावयास नको. हे पदार्थ पवित्र आहेत आणि पुरातनहि आहेत, अशी घरोघर समजूत असते.

पावित्र्याचा प्रश्न श्रद्धेचा आहे. त्यांत इतिहासानें ढवळाढवळ करूं नये. परंतु पुरातनपणाचा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचें उत्तर पुष्कळांना चकित करणारें आहे. श्रीज्ञानेश्वरांनीं इ. स. १२९६ मध्यें आळंदीस समाधि घेतली. त्यांच्या हयातींत बटाटा, रताळें, शेंगदाणा अथवा मिरची यांपैकीं एकहि वस्तु महाराष्ट्रांतील कोणा मनुष्याच्या दृष्टीस पडलेली नव्हती. ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो कंदहि येथें कोणास ठाऊक नव्हता. राजगिऱ्याचें मूळ घरहि दूरचेंच, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. या साऱ्यांची जन्मभूमि एकच, ती म्हणजे अटलांटिक महासागरापलीकडील अमेरिका खंड. ताटांतील वरीचे तांदूळ तेवढे या भूमीचे. बाकीचे बहुतेक मानकरी पाहुणे आहेत.

मग त्या काळीं स्वयंपाकांत तिखटपणा कशाचा होता? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमारास तयार झाला. राजानें काय खावें, तें कसें शिजवावें, याचें त्यांत विस्तारानें वर्णन आहे. भाताचे, डाळींचे, वड्यांचे, मांसाचे आणि दुधादह्याचे नानाविध प्रकार त्यांत दिलेले आहेत. फोडणीला हिंग आहे, जिरें आहे, मोहरी आहे. तिखटपणासाठीं आलें आणि मिरें आहे. मिरचीचा उल्लेख मात्र त्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. सांपडावयाचा तरी कसा? त्या वेळीं मिरची मेक्सिकोच्या मळ्यांत वाढत होती आणि मेक्सिको नांवाचा कांहीं देश आहे ही वार्ता या बाजूच्या जगास नव्हती.

हीं पिकें रानांतून माणसाच्या हातीं आयतीं आलीं नाहींत. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनें अँडीज पर्वताची उंच रांग गेलेली आहे. तेथें टिटिकाका सरोवराच्या परिसरांत, समुद्रसपाटीपासून बारा हजार फुटांहून अधिक उंचीवर, सुमारें सात ते आठ हजार वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांनीं बटाटा माणसाळविला. रानबटाटा कडू असतो आणि त्यांत विषहि असतें. त्यांतल्या त्यांत गोड आणि मोठा कंद निवडावयाचा, तोच पुन्हां लावावयाचा, असें शेंकडों पिढ्या चाललें, तेव्हां आजचा बटाटा झाला. तो टिकविण्याची युक्तीहि त्यांनींच काढली. रात्रीच्या कडाक्याच्या थंडींत बटाटे उघड्यावर गोठूं द्यावयाचे, दिवसां पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढावयाचें आणि मग उन्हांत वाळवावयाचे. असा वाळलेला बटाटा कित्येक वर्षें टिकतो. इंका राजांच्या कोठारांत त्याचे सांठे असत आणि दुष्काळांत व युद्धांत ते कामीं येत.

अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांतील लोकांनीं तर विषालाच अन्नाचें रूप दिलें. तेथील कसाव्हा नांवाच्या झुडुपाच्या कडू जातीचीं मुळें कच्चीं खाल्लीं तर जीव जाण्याचा संभव असतो. त्या लोकांनीं तीं मुळें किसलीं, विणलेल्या लांबट पिशवींत घालून पिळलीं, विषारी रस काढून टाकला आणि उरलेला चोथा भाजून त्याची भाकरी केली. शेंगदाण्याचा मानहि त्या खंडांत मोठा होता. पेरू देशांत सिपान येथें १९८७ मध्यें मोचे संस्कृतीच्या एका अधिपतीचें थडगें उघडण्यांत आलें. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं पुरलेल्या त्या पुरुषाच्या गळ्यांत भुईमुगाच्या शेंगांचा कंठा होता. त्यांतील कांहीं शेंगा सोन्याच्या आणि कांहीं चांदीच्या घडविलेल्या होत्या. ज्या लोकांजवळ लोखंडाचें हत्यार नव्हतें, नांगराला बैल नव्हता, बसावयास घोडा नव्हता, त्यांनीं केवळ डोळ्यांच्या पारखीनें आणि धीरानें हें केलें. त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव इतिहासास ठाऊक नाहीं.

या दोन जगांची गांठ पडली ती मिऱ्याच्या लोभानें. मिरें मलबारांत पिके, अरब आणि व्हेनिसचे व्यापारी तें युरोपांत नेत आणि हातोहातीं त्याची किंमत चढत जाई. मिऱ्याच्या देशास थेट पोहोंचावें या हेतूनें कोलंबस पश्चिमेस निघाला आणि १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं बहामा बेटांस लागला. मिरें त्याला मिळालें नाहीं. परंतु तेथील लोक एक लाल, तिखट फळ रोजच्या अन्नांत खात होते. तें मिऱ्याहून सरस आहे, अशी नोंद त्याच्या रोजनिशींत आहे. वस्तुतः मिरें वेलीवर येतें आणि मिरची झुडुपावर. दोहोंचें कूळ अगदीं निराळें. तरीहि युरोपांतील कित्येक भाषांनीं मिरचीला मिऱ्याचेंच नांव दिलें. मराठीनेंहि पुढें तेंच नातें जोडलें आणि 'मिरें' या शब्दावरून 'मिरची' हा शब्द बनविला. जीभेला जी ओळख पटली ती दोन्हीकडे सारखीच होती.

मिरचीला हिंदुस्थानांत आणलें पोर्तुगीजांनीं. वास्को द गामा मे १४९८ मध्यें कालिकतला उतरला. १५०० मध्यें काब्राल याचें आरमार ब्राझीलच्या किनाऱ्यास लागलें आणि तेथून आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आलें. १५१० मध्यें अल्बुकर्क यानें गोवा घेतला. अशा रीतीनें लिस्बन, ब्राझील, आफ्रिकेचा किनारा आणि गोवा हीं एकाच सत्तेच्या जहाजांनीं जोडलेलीं ठिकाणें झालीं. त्या जहाजांचा व्यापार मसाल्याचा आणि कापडाचा. बियाणें आणि रोपें हा त्यांचा फावल्या वेळचा माल. तरी आज पाहतां, ज्या व्यापारासाठीं लढाया झाल्या तो संपला आणि फावल्या वेळचा माल मात्र शेताशेतांतून राहिला. शब्दहि त्याच वाटेनें आले. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनीं दिला, आणि त्यांना तो कॅरिबियन बेटांतील लोकांच्या भाषेंतून मिळाला होता; तेथें त्याचा अर्थ रताळें असा होता. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द ब्राझील आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील मूळ रहिवाशांच्या बोलींतले. कोकणांतील गृहिणी काजूची उसळ वाढते तेव्हां ती नकळत ब्राझीलच्या रानांतील एका जमातीचा शब्द उच्चारीत असते.

मिरची येथें इतक्या लवकर कां रुजली याचें कारण साधें आहे. मिऱ्याच्या वेलीला मलबारची दमट हवा आणि झाडाची सांवली लागते. तें देशावरच्या शेतकऱ्याला विकतच घ्यावें लागे. मिरचीचें रोप मात्र कोणाच्याहि परसांत, सांडपाण्यावर वाढतें. वाळवून ठेवली तर वर्षभर पुरते. जो तिखटपणा पूर्वीं पैका मोजून मिळे तो मिरचीनें गरिबाच्या हातीं फुकट दिला. कोरड्या भाकरीबरोबर ठेचा खाणाऱ्या कष्टकऱ्याला कोलंबसाचें नांव माहीत असण्याचें कारण नाहीं. परंतु त्या सफरीचा खरा लाभ कोणास झाला असेल तर तो त्याला झाला.

आतां कोणी विचारील कीं, परदेशचीं हीं पिकें उपवासाला कशीं चाललीं? उपवासाच्या दिवशीं मुख्यतः धान्य वर्ज्य. फळें आणि कंदमुळें यांना मोकळीक. जुन्या निषेधाच्या याद्या झाल्या तेव्हां बटाटा व रताळें येथें नव्हतींच. तेव्हां त्यांचें नांव यादींत येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढें तीं आलीं ती कंद म्हणून आलीं आणि ऋषिमुनींच्या कंदमुळांच्या पंगतींत सहज जाऊन बसलीं. धर्मशास्त्राच्या दारावर त्यांना कोणीं अडविलें नाहीं, कारण अडविणाऱ्याला त्यांची ओळखच नव्हती.

साबुदाण्याची कथा याहून अलीकडची आहे. पूर्वीं साबुदाणा येई तो मलाया आणि त्याच्या आसपासच्या बेटांतून, आणि तो होई सागो नांवाच्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या गाभ्यापासून. 'साबु' हा शब्दहि मलायी भाषेंतील 'सागु' या शब्दाचाच वंशज. इकडे त्रावणकोरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विशाखम् तिरुनाळ महाराजांनीं कसाव्ह्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, लागवडीस उत्तेजन दिलें. दुसरें महायुद्ध आलें. १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला आणि त्रावणकोरच्या गरिबांना याच कंदानें तारलें. त्याच युद्धांत मलायाचा साबुदाणाहि येईनासा झाला. तेव्हां मद्रास इलाख्यांतील सेलम येथें टॅपिओकाच्या मुळांचें सत्त्व काढून, त्याचे गोल दाणे करून, ते भाजून वाळविण्याचा धंदा सुरू झाला. महाराष्ट्राची एकादशी आज बव्हंशीं त्या सेलमच्या दाण्यांवर चालते. म्हणजे अॅमेझॉनच्या रानांतील कंद, मलायाचें नांव, तामीळ कारागिराचे हात आणि मराठी गृहिणीची खिचडी, असा हा प्रवास आहे.

राजगिऱ्याची गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी आहे. मेक्सिकोंतील अॅझ्टेक लोकांच्या राज्यांत राजगिरा हें मोठें धान्य होतें. मांडलिक प्रांतांकडून तें खंडणींत घेत. सणाच्या दिवशीं राजगिऱ्याचें पीठ मधासारख्या पाकांत मळून त्याची देवमूर्ति करीत, तिची पूजा करीत आणि मग ती मोडून प्रसाद म्हणून वांटून खात. १५१९ मध्यें कोर्तेस आपलें सैन्य घेऊन तेथें उतरला. १५२० मध्यें देवीची सांथ आली. तो रोग त्या खंडास नवा होता आणि त्यापुढें माणसें गवतासारखीं आडवीं झालीं. १५२१ मध्यें राजधानी पडली. स्पॅनिश पाद्र्यांनीं तीं राजगिऱ्याचीं देवकार्यें बंद पाडलीं आणि त्यांबरोबर धान्याची लागवडहि ओसरली. तें अगदींच नाहींसें झालें नाहीं. आजहि मेक्सिकोंत लाह्या केलेला राजगिरा गोड पाकांत घालून वड्या करतात आणि त्या मिठाईला तेथील भाषेंत 'आनंद' या अर्थाचें नांव आहे. जें धान्य एका भूमींत देवाच्या मूर्तीचें होतें तें दुसऱ्या भूमींत उपवासाचें झालें. दोन्ही ठिकाणच्या लोकांनीं एकमेकांना कधीं पाहिलें नव्हतें.

अन्नाच्या या प्रवासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कारण पीक एकटें येत नाहीं, त्याच्या मागोमाग माणसाचा शहाणपणा येतो, तसा लोभहि येतो. बटाटा युरोपांत पोहोंचला तो सोळाव्या शतकांत. १५७३ मध्यें स्पेनमधील सेव्हिल शहराच्या एका रुग्णालयाच्या खरेदींत त्याची नोंद आहे. प्रथम लोकांनीं त्याच्यावर संशय घेतला. १७५६ मध्यें प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला बटाटे लावण्याचा हुकूम काढावा लागला. पार्मांतिए हा फ्रेंच औषधशास्त्रज्ञ प्रशियाच्या कैदेंत असतां बटाट्यांवर राहिला होता. सुटल्यावर त्यानें आपल्या देशांत त्याचा कैवार घेतला. आयर्लंडला मात्र आग्रह करावा लागला नाहीं. तेथील चांगली जमीन जमीनदारांची. कूळ ओट पिकवी, डुकरें पाळी, आणि तें विकून खंड भरी. स्वतःच्या पोटासाठीं त्याला जमिनीचा तुकडा उरे, आणि तेवढ्यांत घर जगविणारें पीक एकच होतें, तें म्हणजे बटाटा.

त्यांतहि बहुतेक लागवड 'लंपर' नांवाच्या एकाच जातीची होती. बटाटा बियांपासून लावीत नाहींत, कंदाचे तुकडे लावतात. म्हणून एका जातीचीं सारीं झाडें जणूं एकाच झाडाचीं प्रतिबिंबें असतात. एकाला जो रोग मारतो तो सर्वांना मारतो. १८४५ मध्यें समुद्रापलीकडून आलेला एक बुरशीसारखा रोग शेतांत शिरला. सकाळीं हिरवीं दिसणारीं शेतें थोड्याच दिवसांत काळीं पडलीं आणि जमिनींतील कंद कुजून गेले. पुढच्या वर्षीं पीक जवळजवळ सर्व गेलें. सरकारनें अमेरिकेंतून मका आणविला, तो पुरला नाहीं. आणि लोक उपाशी मरत असतां आयर्लंडच्या बंदरांतून धान्य व गुरें भरलेलीं जहाजें बाहेर जातच होतीं. १८४१ च्या शिरगणतींत त्या देशाची लोकसंख्या सुमारें ८१ लाख होती. १८५१ मध्यें ती सुमारें ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास लोक मेले आणि तितकेच देशोधडीस लागले. रोग बुरशीनें आणला हें खरें. परंतु माणसाला एकाच पिकावर आणि एकाच जातीवर जगावयास भाग पाडलें तें माणसानेंच.

आणि हिंदुस्थानानें जगाला काय दिलें? इतर कित्येक वस्तूंबरोबर साखर दिली. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. परंतु त्याच्या रसाचे कोरडे दाणे करण्याची विद्या प्रथम येथें सिद्ध झाली. 'शर्करा' या शब्दापासून इराणांत आणि अरबस्थानांत शब्द बनले आणि त्यांवरून युरोपांत. 'खंड' या शब्दानेंहि तसाच प्रवास केला. १४९३ च्या दुसऱ्या सफरींत कोलंबसानें ऊस अमेरिकेंत नेला. तेथें उसाचे मळे पसरले आणि मळ्यांना राबणारे हात हवे झाले. सुमारें साडेतीन शतकांत आफ्रिकेंतून सव्वा कोटीच्या आसपास माणसें सांखळदंडांत जहाजांवर चढविण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें अठरा लाख वाटेंतच मेलीं. या व्यापाराचें मोठें कारण साखर होतें. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरीला बंदी झाली, तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. १८३४ पासून एकट्या मॉरिशस बेटावर सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें नेण्यांत आले. त्यांत रत्नागिरीकडील आणि कोकणांतील मराठी माणसेंहि होतीं. ज्या देशानें जगाला साखर करावयास शिकविलें, त्या देशाचीं माणसें परक्या बेटावर ऊस तोडावयास गेलीं. त्यांचे वंशज तेथें आजहि गणेशचतुर्थी पाळतात.

असा हा हिशेब आहे. जमेच्या बाजूस मिरची, बटाटा, शेंगदाणा. खर्चाच्या बाजूस देवीची सांथ, मोडलेलीं राज्यें, गुलामांचीं जहाजें. ज्यांनीं हीं पिकें घडविलीं त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं बहुसंख्य लोक पहिल्या दीड शतकांतच रोगराईनें आणि जुलमानें नाहींसे झाले. दिलेलें राहिलें आणि देणारे गेले. तथापि अगदींच गेले असें नाहीं. अँडीजच्या उतारावर त्यांचे वंशज आजहि एकाच शेतांत अनेक जातींचे बटाटे लावतात. तांबडे, जांभळे, पिवळे, कोणी थंडी सोसणारे, कोणी रोगाला दाद न देणारे. एक जात बुडाली तरी दुसरी तरते, हें शहाणपण त्यांनीं सोडलेलें नाहीं. पेरूची राजधानी लिमा येथें १९७१ मध्यें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रांत अशा हजारों जाती जपून ठेवलेल्या आहेत. बटाट्याच्या उत्पादनांत भारताचा क्रम आज चीनच्या खालोखाल आहे. म्हणून उद्यां येथील पिकावर नवा रोग आला तर त्याचा उतारा त्याच डोंगरी शेतकऱ्यांच्या वाणांत शोधावा लागेल.

पान वाढल्यावर पहिला घास घेण्यापूर्वीं चित्राहुति घालण्याची व अन्नाला नमस्कार करण्याची रीत मराठी घरांत आहे. एकादशीच्या ताटापुढें हात जोडतांना त्या नमस्काराचा थोडा वांटा टिटिकाकाच्या कांठच्या, अॅमेझॉनच्या रानांतल्या आणि मेक्सिकोच्या मळ्यांतल्या त्या निनांवी शेतकऱ्यांना पोहोंचला, तर उपवासाच्या पुण्यांत त्यामुळें कांहीं उणें पडणार नाहीं.